गर्भाशय हो कधी म्हणतं?

उंदराच्या भ्रूणाला रुजायला गर्भाशयच लागतं असं नाही. १९६० च्या सुमारास डी. आर. एस. कर्बी या ब्रिटिश संशोधकाने उंदरांचे अगदी कोवळे भ्रूण काढले आणि दुसऱ्या उंदराच्या मूत्रपिंडाच्या पातळ आवरणाखाली ठेवले. तिथे ते चिकटले, शेजारच्या ऊतीत घुसले, रक्तापर्यंत पोचले. मूत्रपिंड मादीचंच हवं, अशीही अट नव्हती. पुढे कर्बीने नराच्या वृषणातही भ्रूण ठेवून पाहिले, आणि तिथेही त्यांनी मूळ धरलं. हेच भ्रूण मादीच्या गर्भाशयात चुकीच्या दिवशी सोडले तर मात्र रुजत नाहीत. पोकळीत नुसते पडून राहतात आणि मरून जातात.

१९६९ मध्ये टी. पी. कॉवेल यांनी या कोड्याचा एक धागा उलगडला. गर्भाशयाच्या आतल्या पृष्ठभागावर पेशींचा एकेरी थर असतो. तो थर इजा करून काढून टाकला, तर संप्रेरकांची काहीही तयारी न झालेल्या गर्भाशयातसुद्धा भ्रूण रुजतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे अडवणूक करत होता तो हा जेमतेम एका पेशीच्या जाडीचा थर.

माणसातही याचा पडताळा येतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. ‘नळीत गर्भ राहिला’ असं आपण ज्याला म्हणतो, त्यात भ्रूण बीजवाहिनीतच रुजून बसतो. त्याला तिथे ना जाड अस्तर मिळतं, ना वाढायला जागा. तरी तो रुजतो, वाढतो, आणि वेळीच लक्षात आलं नाही तर नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. क्वचित बीजांडकोशावर, पोटातल्या आवरणावर, सिझेरियनच्या जुन्या व्रणातही गर्भ राहिल्याची उदाहरणं आहेत. भ्रूणाच्या बाहेरच्या पेशी मुळातच घुसखोर स्वभावाच्या असतात. त्यांना अडवायचं की आत घ्यायचं, हे ठरवणारी शरीरातली एकमेव जागा म्हणजे गर्भाशयाचं अस्तर. आणि महिन्यातले बहुतेक दिवस त्याचं उत्तर ‘नाही’ असंच असतं.

सुश्रुतसंहितेत गर्भ राहण्यासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. शेतीवरून घेतलेली ही उपमा आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की मूल होत नसेल तर ‘जमीनच नापीक’ असं बाईच्या तोंडावर बोलणारे लोक आजही सापडतात. पण शेत पेरणाऱ्याला कधी अडवत नाही. पडेल ते बी घेतं. गर्भाशय अडवतं, आणि आलेल्या बीजाची परीक्षाही घेतं, हे पुढे दिसेलच. सुश्रुताच्या चौघांपैकी पहिला मात्र अगदी नेमका आहे. ऋतू, म्हणजे वेळ. या प्रकरणातली सगळी रेण्वीय धावपळ ती एक वेळ जुळवून आणण्यासाठी आहे.

स्त्रीबीज फलित होतं ते बीजवाहिनीच्या बाहेरच्या टोकाकडे. तिथून विभागत विभागत ते तीन-चार दिवसांनी गर्भाशयाच्या पोकळीत उतरतं. पाचव्या दिवसापर्यंत त्याचा पोकळ गोळा झालेला असतो. बाहेर पेशींचा एक थर, ज्यातून पुढे वार तयार होईल, आणि आत एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका, ज्यातून बाळ. याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. भोवतीचं पारदर्शक कवच फोडून तो बाहेर येतो, आणि आता त्याच्याजवळ फार दिवस नसतात. शिदोरी संपत आलेली असते.

तोवर अस्तराने काय केलेलं असतं?

पाळी संपली की बीजांडकोशातून इस्ट्रोजेन वाढू लागतं आणि झडून गेलेलं अस्तर पुन्हा उभं राहतं. वंध्यत्वाच्या उपचारांसाठी ‘फॉलिक्युलर स्टडी’ केलेल्या प्रत्येकीला हा भाग माहीत असतो. एक दिवसाआड सोनोग्राफी, आणि प्रत्येक वेळी एक आकडा: ‘लायनिंग’ सात मिलिमीटर, आठ मिलिमीटर, नऊ. त्या आकड्याभोवती घराघरांत जी चिंता दाटते तिच्या मानाने तो आकडा फार थोडं सांगतो. जाडी हा इस्ट्रोजेनच्या कामाचा पुरावा असतो. अस्तर भ्रूणाला घ्यायला तयार आहे की नाही, हे जाडीवरून कळत नाही, कारण ती तयारी दुसऱ्याच संप्रेरकाच्या हातात असते.

ते दुसरं संप्रेरक सापडलं कसं, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजांडकोशात जो रिकामा पुटक उरतो, त्याचा पिवळसर गोळा होतो. त्याला पीतपिंड म्हणतात. हा गोळा गर्भाच्या रुजवणीसाठी काहीतरी स्रवत असावा, ही कल्पना जर्मनीतल्या गुस्टाव्ह बॉर्न यांची. १९०० मध्ये ते वारले. ती कल्पना तपासून पाहण्याचं काम त्यांनी लुडविग फ्रेंकेल यांच्यावर सोपवलं होतं. फ्रेंकेलनी सशांची पीतपिंडं जाळून टाकली, आणि त्या माद्यांमध्ये गर्भ टिकला नाही. १९०३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

पीतपिंडातून तो पदार्थ बाहेर काढायला आणखी पाव शतक गेलं. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात जॉर्ज कॉर्नर हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आणि विलर्ड अ‍ॅलन हा त्यांचा वैद्यकीचा विद्यार्थी डुकरिणींच्या बीजांडकोशांपासून अर्क काढून सशांना टोचत होते. १९२९ मध्ये त्यांना यश आलं खरं, पण मध्ये एक विचित्र अडचण उभी राहिली. अ‍ॅलनने केलेला अर्क काम करायचा आणि कॉर्नरने केलेला करायचा नाही. कृती तीच, रसायनं तीच. शेवटी उलगडा झाला तो असा की पिंजऱ्यातून ससे निवडताना कॉर्नर लहान ससे उचलत आणि अ‍ॅलन मोठे. वयात न आलेल्या सशिणीवर हा अर्क टोचून काही होतच नव्हतं.

या गमतीत प्रकरणाचं अर्धं सार आहे. अर्कातल्या या संप्रेरकाला, म्हणजे प्रोजेस्टेरॉनला, काम करायचं तर अस्तराच्या पेशींमध्ये त्याला धरणारी प्रथिनं, म्हणजे ग्राही, आधी असावे लागतात. ते ग्राही तयार करवून घेतं इस्ट्रोजेन. वयात न आलेल्या सशिणीच्या अंगात पुरेसं इस्ट्रोजेन नाही, म्हणून ग्राही नाहीत, म्हणून प्रोजेस्टेरॉनचा निरोप ऐकणारं कोणी नाही. आधी एक, मग दुसरं. क्रम उलटा चालत नाही. १९३४ मध्ये हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळं झालं, तेही एकाच वर्षात चार वेगवेगळ्या गटांकडून.

माणसाच्या अस्तरात प्रोजेस्टेरॉनने काय बदल होतात, हे बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन इथल्या एका स्त्री-रुग्णालयात कळलं, आणि ज्या मार्गाने कळलं तो आज कोणतीही नैतिक समिती मंजूर करणार नाही. जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग यांनी १९३८ पासून पुढची पंधरा-सोळा वर्षं अशा स्त्रियांबरोबर काम केलं, ज्यांचं गर्भाशय काही आजारामुळे काढायचं ठरलं होतं. शस्त्रक्रियेआधीच्या महिन्यात पाळीच्या आणि संबंधांच्या तारखा लिहून ठेवायला त्यांना सांगितलं जाई. काढलेल्या गर्भाशयात हर्टिग भ्रूण शोधत. २१० स्त्रियांमधून ३४ भ्रूण मिळाले. त्यातले काही अजून रुजलेलेही नव्हते. माणसाचा भ्रूण अस्तराला कधी टेकतो, कसा आत शिरतो, याची पहिली खरी चित्रं ही. १९५० मध्ये रॉबर्ट नॉइस यांच्याबरोबर या दोघांनी अस्तराचा नमुना पाहून ‘हा पाळीचक्राचा कितवा दिवस’ हे सांगण्याची पद्धत मांडली. पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी ती अनेक दशकं वापरली.

या सगळ्यातून उभं राहिलेलं चित्र असं. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं. अस्तर जाड होणं थांबतं, ग्रंथी नागमोडी होऊन पाझरू लागतात, खालच्या पेशी फुगू लागतात. २८ दिवसांचं चक्र धरलं तर साधारण विसाव्यापासून चोविसाव्या दिवसापर्यंत अस्तर भ्रूणाला घेऊ शकतं. त्याआधी नाही, नंतरही नाही. पॅरिसमध्ये अलेक्झांडर सायकोयोस यांनी उंदीरवर्गातल्या प्राण्यांवर काम करून हीच गोष्ट आणखी काटेकोरपणे दाखवली होती. तिथे तर मामला काही तासांचा असतो, आणि वेळ टळली की अस्तर नुसतं उदासीन राहत नाही, भ्रूणाला घातक ठरतं.

आता रेणूंकडे वळू. प्रोजेस्टेरॉन हा निरोप देणारा पहिला, पण तो स्वतः सगळं करत नाही. त्याच्या हाताखाली निरोप्यांची एक साखळीच आहे, आणि ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत, मुख्यतः उंदरांमध्ये एकेक जनुक बंद करून, कडी कडीने शोधली गेली.

अस्तराचे ढोबळ दोन भाग करू: वरचा तो एकेरी थर, आणि त्याखालच्या आधारपेशी. वरच्या थरातल्या पेशींना प्रोजेस्टेरॉनचा निरोप पोचला की त्या ‘इंडियन हेजहॉग’ नावाचं प्रथिन तयार करतात. (नावातला ‘इंडियन’ हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या एका जातीवरून आला आहे, आपल्या कर्तृत्वाने नाही.) हे प्रथिन खाली झिरपतं आणि आधारपेशींना जागं करतं. २००६ मध्ये ह्यूस्टनच्या फ्रँको डेमेयो यांच्या गटाने गर्भाशयात या प्रथिनाचं जनुक बंद केलेल्या उंदरिणी तयार केल्या. त्यांच्यात प्रोजेस्टेरॉन होतं, भ्रूण होते, रुजवण नव्हती. जाग्या झालेल्या आधारपेशी मग उलट वर निरोप पाठवतात, आणि तो निरोप ‘थांबा’ असा असतो. इलिनॉय विद्यापीठातल्या इंद्राणी बागची आणि मिलन बागची यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की प्रोजेस्टेरॉनमुळे आधारपेशींमध्ये ‘हँड-२’ नावाचं प्रथिन सक्रिय होतं, आणि ते वाढीला उत्तेजन देणाऱ्या काही रेणूंचं उत्पादन दाबून टाकतं. हँड-२ नसेल तर वरचा थर इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून विभागतच राहतो. आणि विभागत राहणारा थर भ्रूणाला चिकटू देत नाही.

मला यातली सर्वांत लक्षणीय गोष्ट ही वाटते की तयारीचा मोठा वाटा काहीतरी बंद करण्याचा आहे. वाढ थांबवा, इस्ट्रोजेनचा जोर उतरवा, पृष्ठभागावरचं निसटतं आवरण बाजूला करा. वरच्या थरावर साखरेच्या साखळ्यांनी लडबडलेल्या म्युसिन प्रथिनांचं दाट आच्छादन असतं. जंतूंपासून संरक्षण हा त्याचा उद्योग, आणि भ्रूणालाही ते तसंच दूर ठेवतं. उंदरिणीत रुजवणीच्या वेळी हे आच्छादन सगळीकडेच ओसरतं. बाईमध्ये मात्र ते प्रोजेस्टेरॉनमुळे उलट वाढतं, आणि प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांनुसार भ्रूण जिथे टेकतो नेमक्या तेवढ्या जागी ते छाटलं जातं. उंदरावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढताना जपून राहावं लागतं, ते अशा गोष्टींमुळे.

या साखळीतला सर्वांत गाजलेला रेणू भलत्याच दारातून आत आला. १९८० च्या दशकात मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारं एक प्रथिन शोधलं आणि त्याला तसंच नाव दिलं: ल्युकेमिया इनहिबिटरी फॅक्टर, थोडक्यात ‘लिफ’. मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवणाऱ्यांना ते फार उपयोगी पडलं. न्यू जर्सीत कॉलिन स्टुअर्ट यांच्या गटाने लिफचं जनुक नसलेले उंदीर तयार केले. असे उंदीर जन्मले, वाढले, दिसायला ठीकठाक होते. नरांना पिल्लंही झाली. माद्यांना मात्र कधीच झाली नाहीत. पोट उघडून पाहिल्यावर गर्भाशयात व्यवस्थित वाढलेले ब्लास्टोसिस्ट नुसते सुटे पडलेले आढळले. ते काढून साध्या उंदरिणीच्या गर्भाशयात ठेवले तर रुजले आणि त्यांची पिल्लं झाली. म्हणजे भ्रूणात खोट नव्हती. उलट बाजूने, लिफ नसलेल्या उंदरिणीला बाहेरून लिफ दिलं, तर तिच्यातही रुजवण झाली. १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला हा शोधनिबंध या क्षेत्रातला मैलाचा दगड मानतात, आणि तो मान रास्त आहे. इतका स्वच्छ प्रयोग जीवशास्त्रात क्वचित जमतो.

लिफ पाझरतं अस्तराच्या ग्रंथींमधून, रुजवणीच्या जरा आधी. उंदरिणीत त्याला इशारा मिळतो तो इस्ट्रोजेनच्या एका छोट्याशा उसळीकडून. ही उसळी आलीच नाही, तर भ्रूण मरत नाही, थांबून राहतो. विभागणं जवळजवळ बंद करून दिवसच्या दिवस वाट पाहतो. आधीची पिल्लं अजून अंगावर पीत असतील तर उंदरिणीत हेच घडतं. युरोपातल्या रो हरणाने तर याचा हंगामी नेम करून टाकला आहे: मीलन उन्हाळ्यात, रुजवण थेट डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे पाडस वसंतात जन्माला यावं. माणसाच्या भ्रूणाला अशी सवलत नाही.

इथपर्यंत सगळी तयारी भ्रूण असो-नसो होतच असते. पण भ्रूण पोकळीत आला की संभाषण दुतर्फा होतं. कोलकात्यात शिकून अमेरिकेत गेलेले सुधांशू डे यांनी आयुष्याचा मोठा भाग या संभाषणावर घालवला. त्यांच्या कॅन्ससमधल्या प्रयोगशाळेत १९९४ मध्ये असं दिसलं की भ्रूण चिकटण्याच्या काही तास आधी, जिथे तो टेकणार असतो बरोबर त्याच जागच्या अस्तरात एक वाढप्रेरक रेणू तयार होऊ लागतो. त्याचं आखूड नाव एचबी-ईजीएफ. भ्रूण नसेल तिथे हा रेणू दिसत नाही. भ्रूणाच्या अंगावर याला पकडणारे ग्राही असतात. म्हणजे एकाच रेणूने निरोपही द्यायचा आणि हातही धरायचा. पुढे याच गटाने ब्लास्टोसिस्टच्या आकाराचे निर्जीव मणी एचबी-ईजीएफमध्ये भिजवून गर्भाशयात ठेवले. मण्यांभोवतीचं अस्तर भ्रूण आल्यासारखं वागू लागलं.

मुंबईत परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत बॉनेट माकडांवर या बाजूने काम झालं. आपल्या घाटांत गाडीच्या टपावर बसून केळी हिसकावणारी ही लाल तोंडाची माकडं; त्यांचं पाळीचक्र बाईच्या चक्राशी पुष्कळ जुळतं. भ्रूण रुजण्याआधी, नुसता पोकळीत असतानाच माकडिणीच्या अस्तरात फरक पडू लागतो, असं तिथल्या अभ्यासातून पुढे आलं.

बाईच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक सस्तन प्राण्यांहून वेगळी आहे. उंदरिणीत आधारपेशींचं मोठं रूपांतर, म्हणजे फुगून, साठा करून, भ्रूणाभोवती कडं करण्याची तयारी, भ्रूण चिकटल्यावर सुरू होतं. बाईमध्ये ते दर महिन्याला आपोआप होतं, भ्रूण येवो न येवो. रूपांतर झालेल्या पेशींना परतीची वाट नसते. प्रोजेस्टेरॉन उतरलं की त्या टिकत नाहीत, आणि सगळा वरचा थर रक्तासकट गळून पडतो. पाळी येण्याचं कारण हे. म्हणूनच पाळी येणारे प्राणी मोजके आहेत: माणूस, काही माकडं आणि वानर, काही वटवाघळं, हत्ती-चिचुंद्री, आणि २०१६ मध्ये लक्षात आलेला एक काटेरी उंदीर. ज्या स्रावावरून आपल्याकडे बाईला कोपऱ्यात बसवलं गेलं, तो गर्भाची इतकी आगाऊ तयारी करून ठेवल्याचा परिणाम आहे.

पण ही आगाऊ तयारी कशासाठी? एक उत्तर असं की माणसाच्या भ्रूणांमध्ये गुणसूत्रांच्या चुका फार असतात, आणि त्यांचा घुसखोर स्वभावही जबर असतो. तेव्हा आईच्या बाजूने आधीच सज्ज असणं बरं. २०१० मध्ये जॅन ब्रोसेन्स आणि निक मॅकलन यांच्या गटांनी रूपांतर झालेल्या आधारपेशींसमोर बशीत भ्रूण ठेवून पाहिले. वाढणाऱ्या भ्रूणांना त्या पेशींनी फारसा प्रतिसाद दिला नाही. वाढ खुंटलेल्या भ्रूणांसमोर मात्र त्यांनी रुजवणीला लागणारे कित्येक रेणू स्रवणं आवरतं घेतलं, त्यात एचबी-ईजीएफही होता. नंतर त्यांनी वारंवार गर्भपात होणाऱ्या काही स्त्रियांच्या पेशी तपासल्या, तर त्या चांगल्या-वाईट भ्रूणांत फरकच करत नव्हत्या. ‘हिची पिशवी गर्भ धरत नाही’ असं ज्यांच्याबद्दल सर्रास बोललं जातं, त्यांच्यापैकी काहींची पिशवी कदाचित कोणताही गर्भ धरत असावी, नाकारायला हवा तोही.

वेळ चुकली की काय होतं, याचे आकडे अ‍ॅलन विल्कॉक्स यांच्या अभ्यासात आहेत. मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांनी रोज सकाळची लघवी साठवून दिली, आणि तिच्यातल्या एचसीजीवरून भ्रूण नेमका कोणत्या दिवशी रुजला हे काढलं गेलं. एचसीजी हा भ्रूणाचा स्वतःचा निरोप. घरी करतात त्या प्रेग्नन्सी टेस्टची रेघ यामुळेच उमटते. रुजू लागलेला भ्रूण तो आईच्या रक्तात सोडतो, पीतपिंड मावळायचं थांबतं, प्रोजेस्टेरॉन टिकतं आणि पाळी येत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा आठवडे तरी टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकरच गेले. दहाव्या दिवशी रुजलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के, अकराव्या दिवशी ५२, आणि त्यानंतर ८२. अकराव्या दिवसापर्यंत दिवसागणिक दुप्पट. उशीर भ्रूण दुबळा असल्याने झाला की अस्तराची वेळ सरत आल्याने गर्भ गेला, हे नुसत्या या आकड्यांवरून वेगळं करता येत नाही. पण डे यांच्या उंदरिणींमध्ये भ्रूण निकोप असतानाही रुजवण लांबवली, की पुढे वार वेडीवाकडी बसते आणि पिल्लं कमी जगतात.

आयव्हीएफच्या डॉक्टरांना या वेळेशी रोज झगडावं लागतं. अनेक स्त्रीबीजं मिळावीत म्हणून बीजांडकोशाला औषधांनी चेतवलं, की संप्रेरकांची पातळी नेहमीपेक्षा कितीतरी वर जाते आणि अस्तर भ्रूणाच्या पुढे निघून जाऊ शकतं. मग भ्रूण गोठवून ठेवावा आणि पुढच्या एखाद्या शांत चक्रात सोडावा, ही आज जगभर रूढ असलेली रीत. ती सर्वांत आधी वापरणाऱ्यांत कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय होते. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, इंग्लंडमधल्या पहिल्या टेस्टट्यूब बाळानंतर ७० दिवसांनी, त्यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांनी बीजांडकोश चेतवला होता, भ्रूण गोठवला होता आणि नंतरच्या नैसर्गिक चक्रात गर्भाशयात सोडला होता. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा उडवून लावला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. भारतातल्या पहिल्या टेस्टट्यूब बाळाचं श्रेय नंतर ६ ऑगस्ट १९८६ च्या मुंबईतल्या जन्माला, म्हणजे केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संस्थेचे टी. सी. आनंद कुमार यांना दिलं जात होतं. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्याय यांची टिपणं स्वतः वाचली आणि १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहून टाकलं की पहिला मान आपला नाही, त्यांचा आहे. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणं शोधावी लागतात.

भ्रूण घडवण्याच्या कलेत तेव्हापासून प्रचंड प्रगती झाली. अस्तराचं मन वळवण्यात मात्र फारशी नाही. लिफच्या शोधानंतर उत्साहाच्या भरात ते औषध म्हणून बनवलं गेलं आणि ज्यांना वारंवार अपयश येत होतं अशा स्त्रियांना दिलं गेलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. उंदरिणीत एक कडी तुटलेली होती आणि ती जोडली. बाईमध्ये कोणती कडी तुटली आहे, की कडी तुटलेलीच नाही, हे न पाहता सरसकट लिफ देऊन काय साधणार?

अस्तर खरवडण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. २००३ मध्ये इस्रायलमधून एक छोटा अभ्यास आला: आयव्हीएफच्या आधीच्या महिन्यात अस्तराचे नमुने घेतलेल्या स्त्रियांमध्ये गर्भ राहण्याचं प्रमाण दुप्पट. किरकोळ जखम भरताना दाहाचे रेणू पाझरतात, ते रुजवणीला मदत करत असावेत, असा तर्क मांडला गेला. तर्क ऐकायला बरा होता. ‘स्क्रॅचिंग’ जगभर पसरलं, आपल्या शहरांतल्या केंद्रांच्या दरपत्रकातही आलं. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल लागला. खरवडलेल्या गटात जिवंत बाळं २६.१ टक्के, न खरवडलेल्या गटात २६.१ टक्के. दशांशापर्यंत तेच. मधल्या सोळा वर्षांत किती जणींनी ती कळ सोसली असेल!

अस्तराची २३८ जनुकं वाचून प्रत्येकीची रुजवणीची वेळ वेगळी ठरवून देणारी तपासणी २०११ मध्ये स्पेनमधून आली. ती महाग आहे आणि तिच्यासाठी एक चक्र वाया घालवावं लागतं. २०२२ मधल्या मोठ्या चाचणीत त्या तपासणीने वेळ ठरवलेल्या गटात ५८.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं, ठरावीक वेळ पाळलेल्या गटात ६१.९ टक्के. भ्रूण सोडल्यावर पंधरा दिवस अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला तर फुकटच मिळतो, सासू-जावांपासून शेजारणींपर्यंत. चाचण्यांमध्ये त्याचाही उपयोग दिसलेला नाही. या सगळ्यात टिकून राहिलेली गोष्ट म्हणजे साधं प्रोजेस्टेरॉन. आयव्हीएफच्या औषधांनी पीतपिंड दुबळं पडतं, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं: जेल, गोळ्या, किंवा तेलातली ती दुखरी इंजेक्शनं. कॉर्नर आणि अ‍ॅलन सशांना जे टोचत होते, तेच.

माणसाच्या अस्तरावर थेट प्रयोग करता येत नाहीत, ही या क्षेत्राची जुनी अडचण. अलीकडे ती थोडी सैल झाली आहे. अस्तराच्या पेशींपासून बशीत त्रिमितीय छोट्या ग्रंथी वाढवण्याची पद्धत २०१७ पासून हाती आली. व्हिएन्नात निकोला रिव्हरॉन यांच्या गटाने त्याला जोड दिली ती मूलपेशींपासून तयार केलेल्या ब्लास्टॉइडची. हुबेहूब ब्लास्टोसिस्टसारखा दिसणारा, पण ज्यातून बाळ घडवण्याचा हेतू नाही असा पेशींचा गोळा. अस्तराच्या पेशींचा थर बशीत पसरून त्यांनी अर्ध्या बशांना संप्रेरकं दिली, अर्ध्यांना नाही, आणि वर ब्लास्टॉइड सोडले. संप्रेरकं न दिलेल्या थराला ते चिकटले नाहीत. दिलेल्या थराला चिकटले, आणि तेही ज्या बाजूला आतल्या पेशींचा पुंजका असतो, नेमक्या त्या बाजूने. उंदराचा भ्रूण याच्या विरुद्ध बाजूने चिकटतो. माणसाचा असाच चिकटतो, हे हर्टिगनी ब्रुकलाइनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठेवलं होतं.